महाराष्ट्रातील रक्तरस-सर्वेक्षणे

रक्तरस-सर्वेक्षण : एखाद्या लोकसमूहातून निवडलेल्या व्यक्तींच्या रक्तरसात, म्हणजे रक्त साकळल्यावर वेगळ्या होणाऱ्या पिवळसर द्रवात, विशिष्ट व्हायरसाविरुद्धचे प्रतिपिंड आहेत किंवा नाहीत हे तपासून तो संसर्ग त्या समूहात किती पसरून गेला आहे हे ठरविण्याच्या पद्धतीस रक्तरस-सर्वेक्षण म्हणतात. रोग्याच्या निदानासाठी केलेली प्रतिपिंड-चाचणी व अशा सर्वेक्षणासाठी केलेली चाचणी यांची रासायनिक कृती पुष्कळदा एकच असते; परंतु त्यांना विचारलेला प्रश्न मात्र भिन्न असतो. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने वेळोवेळी बराच गोंधळ उडाला आहे. महाराष्ट्रात पुणे येथे १९५२ पासून या विषयाचे अखंड काम झाले असल्याने येथील इतिहासात त्या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा या दोन्ही स्पष्ट दिसतात.

शरीरात व्हायरस शिरल्यावर त्याच्या प्रतिजनांना नेमकी चिकटणारी प्रथिने तयार होऊ लागतात. हेच प्रतिपिंड होत. त्यांपैकी आयजीएम या वर्गातील प्रतिपिंड आधी दिसू लागतात. पुष्कळ संसर्गांत लक्षणे सुरू झाल्यापासून चार-पाच दिवसांनी ते चाचणीत सापडण्याइतके वाढतात आणि काही महिन्यांत ओसरतात. आयजीजी वर्गातील प्रतिपिंड मागाहून येतात, परंतु अनेक वर्षे, काही संसर्गांत जन्मभर, टिकतात. यामुळे आयजीएम सापडल्यास संसर्ग अलीकडचा आणि केवळ आयजीजी सापडल्यास तो जुना, असे अनुमान सामान्यतः काढतात. तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत मात्र रोगी व्हायरसाने ग्रस्त असूनही चाचणी नकारार्थी येते. प्रतिपिंड हा संसर्गाच्या आगमनाचा नव्हे, तर त्याच्या येऊन गेल्याचा पुरावा आहे.

ही कल्पना व्हायरसांच्या अभ्यासातून नव्हे, तर सूक्ष्मजंतूंच्या अभ्यासातून आली. १८९० मध्ये एमील फोन बेरिंग व किटासाटो शिबासाबुरो यांनी धनुर्वात व घटसर्प यांच्या विषांविरुद्ध प्रतिरक्षित प्राण्यांच्या रक्तरसात संरक्षक गुण असतो, असे दाखविले. १८९६ मध्ये फेर्नां व्हिदाल यांनी आंत्रज्वराच्या निदानासाठी व १९०६ मध्ये आउगुस्ट फोन व्हासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदंशासाठी रक्तरसाच्या चाचण्या प्रचारात आणल्या. व्हासरमान-चाचणी इतर काही विकारांतही होकारार्थी येते, हे ध्यानात येईपर्यंत अनेकांच्या माथी नसलेला रोग मारला गेला होता. व्हायरसांच्या बाबतीत अडचण आणखी मोठी होती, कारण ते जिवंत कोशिकांबाहेर वाढत नाहीत. १९३० मध्ये माक्स टायलर यांनी पीतज्वराचा व्हायरस पांढऱ्या उंदरांच्या मेंदूत वाढविता येतो असे दाखविल्यावर रक्तरस व व्हायरस एकत्र करून उंदरांना टोचण्याची पद्धत निघाली. उंदीर वाचला तर रक्तरसात संरक्षक प्रतिपिंड आहेत, मेला तर नाहीत. रॉकफेलर प्रतिष्ठानाने या पद्धतीने आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांतील पीतज्वराचे नकाशे तयार केले. ज्या गावी पीतज्वराचा एकही रोगी कोणी पाहिला नव्हता तेथेही तो येऊन गेल्याचे लोकांच्या रक्तावरून कळू लागले, ही त्या काळी मोठीच नवलाची गोष्ट होती.

याच प्रतिष्ठानाच्या व भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या सहकार्याने १९५२ मध्ये पुणे येथे व्हायरस संशोधन केंद्राची स्थापना झाली. १९७८ मध्ये त्यास राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था हे नाव मिळाले. डास, गोचिडी इ. संधिपाद प्राण्यांमार्फत पसरणारे कोणते व्हायरस भारतात आहेत, हा केंद्रापुढील पहिला प्रश्न होता. प्रत्येक व्हायरस रोग्यांमधून वेगळा करण्याची वाट पाहण्याऐवजी लोकांच्या रक्तरसातील प्रतिपिंडांवरून सुरुवात करण्यात आली. के. सी. स्मिथबर्न, जे. ए. कर व पी. बी. गटणे यांनी भारतातील रहिवाशांच्या रक्तरसाची अनेक व्हायरसांविरुद्ध उदासिनीकरण-चाचणी करून तिचे निष्कर्ष १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. आज ज्यास झिका म्हणून सर्वजण ओळखतात त्या व्हायरसाचाही तीत समावेश होता. तो १९४७ मध्ये युगांडातील एका अरण्यात माकडात प्रथम सापडला होता आणि भारतात त्याचे नावही कोणास ठाऊक नव्हते. तपासलेल्या १९६ नमुन्यांपैकी ३३ नमुन्यांनी त्याचे उदासिनीकरण केले.

या ३३ नमुन्यांचा अर्थ काय, हा प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नाही. झिका, डेंग्यू, जपानी मस्तिष्कशोथ व क्यासनूर अरण्यज्वर यांचे व्हायरस एकाच कुलातील आहेत आणि एकाविरुद्धचे प्रतिपिंड त्याच्या जातभाईंनाही काही अंशी जखडतात. डेंग्यू होऊन गेलेल्या माणसाचे रक्त झिकाच्या चाचणीत होकार देऊ शकते. झिका भारतात तेव्हापासूनच होता असे काही अभ्यासक मानतात, तर हा होकार डेंग्यूच्या प्रतिपिंडांचा असावा असे इतरांचे मत आहे. महाराष्ट्रात झिकाचा पहिला निश्चित रोगी जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या बेलसर येथे आढळला. मधल्या सु. सत्तर वर्षांत तो व्हायरस येथे होता असे केवळ त्या ३३ नमुन्यांच्या बळावर म्हणणे धाडसाचे ठरेल. नव्हता असे म्हणण्यासही तेवढाच थोडा आधार आहे.

पुण्यातील केंद्राचे पुढील काम मुख्यतः साथींच्या मागे धावण्याचे होते. १९५७ मध्ये म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात माकडे व माणसे मरू लागली तेव्हा क्यासनूर अरण्यज्वराचा शोध याच केंद्राने लावला. चिकुनगुन्याची नोंद भारतात १९६३ मध्ये कलकत्त्यास, १९६४ मध्ये मद्रास व त्या परिसरात आणि १९६५ मध्ये नागपूर येथे झाली. नागपूरच्या तपासात तापाच्या रोग्यांच्या रक्तातून एक सर्वस्वी नवा व्हायरस हाती लागला. ज्या वस्तीत तो मिळाला तिच्या नावावरून त्यास चांदीपुरा हे नाव देण्यात आले. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली व तीत शहरातील सु. ३७·५ टक्के लोक आजारी पडले. बार्शी हे मराठवाड्याच्या अगदी सीमेवरील बाजारपेठेचे गाव असूनही साथीने तेथून पुढे दीर्घकाळ मुक्काम केला नाही. त्यानंतर सु. तीन दशके भारतात हा रोग जणू नाहीसाच झाला.

या शांततेचा अर्थ लावण्यास रक्तरसाचाच उपयोग झाला. १९९४ मध्ये कलकत्त्यात केलेल्या एका सर्वेक्षणात सु. ४·४ टक्के लोकांत चिकुनगुन्याचे प्रतिपिंड आढळले. ते प्रामुख्याने पन्नाशी ओलांडलेल्या लोकांत होते. लहान मुलांत मुळीच नव्हते. झाडाच्या खोडातील वलयांवरून अवर्षणाचे वर्ष ओळखावे, त्याप्रमाणे वयांच्या या क्रमावरून साथीचा काळ ओळखता येतो. साथीनंतर जन्मलेल्यांच्या रक्तात तिची खूण नसते. अशी कोरी पिढी वाढत गेली की रोग परत येण्यास भूमी तयार होते. तसेच झाले. २००० मध्ये पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या डासांत चिकुनगुन्याचा व्हायरस मिळाला. तो पूर्वीच्या आशियाई वाणाचा नसून आफ्रिकी वाणाचा होता. २००५ च्या अखेरीस साथ उसळली आणि ऑक्टोबर २००६ पर्यंत आठ राज्यांतील १५१ जिल्ह्यांत पसरली. २००६ या वर्षी देशात सु. १३·९ लाख संशयित रोग्यांची नोंद झाली. महाराष्ट्रातील आकडा ऑक्टोबरपर्यंत २,५८,९९८ होता. मराठवाड्यातही गावेच्या गावे सांधे धरून बसली. भर पेरणी-मळणीच्या दिवसांत आठवडेच्या आठवडे मूठ वळत नाही, ही शेतमजुराच्या घरची हानी कोणत्याही तक्त्यात मोजलेली नाही.

या साथीत उपयोगी पडलेली चाचणी निराळ्या पिढीची होती. १९७१ मध्ये स्टॉकहोम येथील एव्हा एंगव्हाल व पेटर पेर्लमान यांनी एलिसा ही पद्धत शोधून काढली. तीत प्लॅस्टिकच्या लहान खळग्यांत चिकटविलेल्या प्रतिजनावर रक्तरस सोडतात. त्यातील प्रतिपिंड तेथे अडकतात व एंझाइम जोडलेल्या दुसऱ्या प्रतिपिंडाने खळग्यात रंग उमटवून ते ओळखतात. उंदीर, कोंबडीची अंडी व पक्ष्यांच्या तांबड्या कोशिका यांवर अवलंबून असलेल्या जुन्या चाचण्यांच्या मानाने ही पद्धत स्वस्त व शीघ्र आहे आणि एका वेळी शेकडो नमुने तपासू शकते. आयजीएम पकडणारा तिचा प्रकार पुण्याच्या संस्थेने जपानी मस्तिष्कशोथ, डेंग्यू व चिकुनगुन्या यांसाठी विकसित केला व त्याचे संच राष्ट्रीय कार्यक्रमामार्फत ठिकठिकाणच्या रुग्णालयांना पुरविण्यात येऊ लागले. पूर्वी पुण्यासच होऊ शकणारे काम जिल्ह्याच्या पातळीवर आले. तथापि किनवटकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी काढलेले रक्त प्रयोगशाळेपर्यंत थंड अवस्थेत पोहोचविणे आणि ते तापाच्या कितव्या दिवशी काढले हे चिठ्ठीवर अचूक लिहिणे, यांवरच निकालाची किंमत ठरते. दुसऱ्या दिवशीच्या रक्ताचा नकार पुष्कळदा निरर्थक असतो.

ही मर्यादा २००३ मध्ये फार कठोरपणे प्रत्ययास आली. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेस लागून असलेल्या तत्कालीन आंध्र प्रदेशात त्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात मुलांमध्ये तीव्र मस्तिष्कशोथाची साथ आली. ३२९ मुले आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली. १९६५ पासून निरुपद्रवी मानला गेलेला चांदीपुरा व्हायरस हे तिचे कारण असल्याचे पुण्याच्या संस्थेने दाखविले. सकाळी ताप आलेले मूल दुसऱ्या दिवशी मरण पावत असे. प्रतिपिंड तयार होण्यास लागणारे चार दिवस त्याच्या वाट्यास येतच नसत. निदान व्हायरसाच्या जननिक द्रव्याचा शोध घेऊनच करावे लागले, आणि प्रतिपिंडांची साक्ष मुख्यतः वाचलेल्या मुलांकडून मिळाली. २००७ मध्ये नागपूर विभागातही या रोगाची साथ येऊन गेली.

रक्तरसाचा आणखी एक गुण म्हणजे तो गोठवून ठेवता येतो. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीस काविळीची प्रचंड साथ आली होती. यमुनेच्या पाण्यात नाल्याचे सांडपाणी मिसळून ते जलशुद्धीकरण केंद्रात शिरले व सु. २९,३०० लोकांना कावीळ झाली. पाण्यातून पसरणारी कावीळ ती यकृतशोथ-ए, असे तेव्हा गृहीत धरले गेले. यकृतशोथ-ए व्हायरसाची विश्वसनीय चाचणी १९७० नंतरच्या दशकात उपलब्ध झाली. तेव्हा दिल्लीच्या त्या साथीतील राखून ठेवलेले नमुने, तसेच १९७५-७६ ची अहमदाबादची व १९७८-७९ ची पुण्याची साथ यांतील नमुने तपासण्यात आले. या कामात अमेरिकेतील रॉबर्ट पर्सेल यांच्या गटाबरोबर पुण्याच्या संस्थेतील एम. ए. श्रीनिवासन, एस. आर. प्रसाद व खोरशेद पावरी हे होते. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की या साथी यकृतशोथ-ए च्याही नव्हत्या व बी च्याही नव्हत्या. त्याच वर्षी एम. एस. खुरू यांनी काश्मीरमधील साथीवरून स्वतंत्रपणे हेच अनुमान मांडले. हा अज्ञात व्हायरस पुढे यकृतशोथ-ई म्हणून ओळखला गेला. गर्भवती स्त्रियांना तो विशेष घातक असल्याने हा शोध केवळ वर्गीकरणाचा नव्हता. पुण्यात १९८२ व १९९२ मध्ये घेतलेल्या नमुन्यांची तुलना करता ए चा संसर्ग बालपणीच, तर ई चा प्रामुख्याने पौगंडावस्थेत व तरुणपणी होतो असे दिसून आले. दोन्ही एकाच घाण पाण्यातून पसरत असता वयांत असा फरक का पडावा, हे कोडे अजून सर्वांस पटेल असे उलगडलेले नाही.

एकदा गोळा केलेले रक्त अनेक प्रश्नांची उत्तरे देते, याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे २०१७-१८ मधील राष्ट्रीय डेंग्यू सर्वेक्षण होय. १५ राज्यांतील ६० जिल्ह्यांत ५ ते ४५ वर्षे वयाच्या १२,३०० व्यक्तींचे रक्तरस तपासले असता डेंग्यू होऊन गेलेल्यांचे प्रमाण ४८·७ टक्के निघाले. दक्षिण भारतात ते ७६·९ टक्के, पश्चिम भारतात ६२·३ टक्के व ईशान्येस केवळ ५ टक्के होते. पुढे तेच नमुने चिकुनगुन्यासाठी तपासले, तेव्हा ते प्रमाण १८·१ टक्के आढळले. देशातील निम्म्या लोकांना डेंग्यू होऊन गेला असेल, असे अधिकृत रोगीसंख्येवरून कोणालाही वाटले नसते.

हा सर्व अनुभव २०२० मध्ये कसोटीस लागला. कोव्हिड-१९ च्या प्रारंभी बोटाच्या थेंबभर रक्तावर पंधरा-वीस मिनिटांत निकाल देणारे आयात केलेले संच राज्यांना वाटण्यात आले; परंतु त्यांच्या निकालांत अतोनात तफावत पडल्याने एप्रिल २०२० मध्येच परिषदेने त्यांचा वापर थांबविला. १० मे २०२० रोजी पुण्याच्या संस्थेने तयार केलेली ‘कोव्हिड कवच’ ही एलिसा-चाचणी जाहीर झाली. संसर्ग झालेल्यांपैकी सु. ९२·४ टक्के लोकांना ती बरोबर ओळखत असे व संसर्ग न झालेल्यांपैकी सु. ९७·९ टक्के लोकांना बरोबर वगळत असे. लगेच ११ मे ते ४ जून या काळात ७० जिल्ह्यांत राष्ट्रीय सर्वेक्षणाची पहिली फेरी पार पडली. त्यांत महाराष्ट्रातील अहमदनगर, जळगाव, सांगली, बीड, परभणी व नांदेड हे सहा जिल्हे होते. प्रत्येक जिल्ह्यात दहा गावे वा प्रभाग निवडून प्रत्येकी ४० प्रौढांचे, म्हणजे जिल्ह्यातून ४०० जणांचे रक्त घेण्यात आले.

२०११ च्या जनगणनेनुसार ३३·६ लाख वस्तीच्या नांदेड जिल्ह्यातील या ४०० नमुन्यांचे गणित पाहण्यासारखे आहे. देशातील प्रौढांत संसर्गाचे प्रमाण त्या फेरीत ०·७३ टक्के निघाले. तेच प्रमाण धरले तर ४०० पैकी खरे संसर्गित सु. तीन, उलट चाचणीच्या २·१ टक्के चुकीमुळे निष्कारण होकारार्थी ठरणारे सु. आठ. म्हणजे होकार आलेल्या अकरा जणांपैकी बहुतेकांना संसर्ग झालेलाच नसावयाचा. यासाठी होकारार्थी नमुने दुसऱ्या, वेगळ्या प्रतिजनावर आधारलेल्या चाचणीने पुन्हा तपासून मगच आकडेमोड करण्यात आली. समूहासाठी अशी दुरुस्ती शक्य असते. चाचणीचा कागद हाती घेतलेल्या एकट्या माणसासाठी ती करता येत नाही. तरीही शहरांतून प्रतिपिंडांचा दाखला हा निर्भयतेचा परवाना समजला जाऊ लागला. असे परवाने देऊ नयेत असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २४ एप्रिल २०२० रोजीच दिला होता.

नमुन्याची दुसरी मर्यादा भौगोलिक आहे. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके असून निवडलेली ठिकाणे दहाच होती. तेव्हा किमान सहा तालुक्यांतून एकही नमुना आलेला नसणार हे उघड आहे. या आकड्यांवरून हिमायतनगरात किंवा किनवटच्या आदिवासी पाड्यांत काय घडले, हे सांगता येत नाही. जिल्ह्याचा आकडा तालुक्यास लावण्याची सवय मात्र वृत्तपत्रांत व शासकीय बैठकांतही दिसून आली.

तरीही या पद्धतीने जे दाखविले ते अन्य मार्गाने कळले नसते. पहिल्या फेरीच्या वेळी नोंदलेल्या प्रत्येक रोग्यामागे प्रत्यक्षात ८२ ते १३० संसर्ग असावेत, असे अनुमान निघाले. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत झोपडपट्टीतील सु. ५७ टक्के व इतर वस्तीतील सु. १६ टक्के लोकांत प्रतिपिंड आढळले. एकाच प्रभागातील दोन प्रकारच्या घरांमधील हे अंतर म्हणजे दाटीवाटीने राहण्याचे मोजमापच होय. पुण्यातील पाच प्रभागांत जुलै-ऑगस्टमध्ये हे प्रमाण ५१·५ टक्के निघाले. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या पुढील फेऱ्यांत त्याच गावांना पुन्हा भेटी देण्यात आल्या. ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मध्ये दहा वर्षांवरील लोकांत ६·६ टक्के, डिसेंबर २०२०–जानेवारी २०२१ मध्ये २४·१ टक्के आणि दुसऱ्या लाटेनंतर, जून-जुलै २०२१ मध्ये, सहा वर्षांवरील लोकांत ६७·६ टक्के असे हे प्रमाण वाढत गेले.

या चौथ्या फेरीपर्यंत लसीकरण सुरू झाले होते व प्रतिपिंड संसर्गाचे की लसीचे, हा नवा पेच उभा राहिला. कोव्हिशील्ड ही लस व्हायरसाच्या केवळ काटेरी प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड निर्माण करते, तर कोव्हॅक्सिनमध्ये संपूर्ण निष्क्रिय व्हायरस असल्याने त्याच्या अंतर्गत प्रथिनाविरुद्धही ते निर्माण होऊ शकतात. म्हणून दोन्ही प्रथिनांसाठी स्वतंत्र चाचण्या करण्यात आल्या. दोन मात्रा घेतलेल्यांत ८९·८ टक्के, एक मात्रा घेतलेल्यांत ८१ टक्के व लस न घेतलेल्यांत ६२·३ टक्के लोकांत प्रतिपिंड सापडले. सहा ते नऊ वर्षे वयाच्या मुलांतील प्रमाण ५७·२ टक्के होते. त्यांच्यासाठी तेव्हा कोणतीच लस उपलब्ध नसल्याने हा आकडा सर्वस्वी संसर्गाचा होता. त्यांतील बहुसंख्य मुले आजारी पडल्याची नोंद कोणत्याही दवाखान्यात नाही.